केनियातल्या शाळेत ग्रुप घेऊन जायचंय (नैवाशा), कुणी गेलंय का?

तळेगावचा_पोरगा

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

आमचा तळेगाव-वडगाव पट्ट्यातला पोरापोरींचा ग्रुप आहे, वय साधारण १९ ते २५, काही कॉलेजात, काही चाकणला कंपनीत. गडावर साफसफाई, आंदर मावळातल्या शाळांना वह्या-दप्तरं, गणपतीत रक्तदान असलं चालू असतं. आता झालंय असं की ग्रुपमधल्या एकाचा मामा केनियात नैवाशाला गुलाबाच्या फार्मवर आहे (आधी इथेच मावळात पॉलीहाऊसवर होता). त्याच्या फार्मवरच्या कामगारांची मुलं ज्या सरकारी प्रायमरी शाळेत जातात तिथल्या हेडमास्तर बाईंशी त्याची ओळख आहे, आणि त्या म्हणाल्या की या की मग, स्वागत आहे. झालं, पोरं पेटली.

१३ जण नक्की आहेत. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस जायचं म्हणतोय, नाहीच जमलं तर मे मध्ये. वर्गखोल्या रंगवायच्या, मुलांना गणित आणि इंग्लिश शिकवायचं, दोघं आयटीवाले आहेत ते कॉम्प्युटर शिकवतील, इथून कपडे गोळा करून न्यायचे, आणि फंड जमला तर एक बोअर मारून द्यायची कारण मामा म्हणाला पाण्याचा प्रॉब्लेम आहे. खर्च माणशी सव्वा लाखाच्या घरात जाईल असं दिसतंय, निम्मे आम्ही घालणार, निम्मे स्पॉन्सर बघतोय.

घरच्यांना टेन्शन आहे, आफ्रिका म्हटलं की आईच्या डोळ्यासमोर सिंह आणि ताप एवढंच येतं. व्हिसा, लसी, कोणता महिना बरा, काय न्यावं काय नाही, जे माहीत असेल ते सांगा प्लीज.

गुलाबवाला

तळेगावकरा, तुझ्या मित्राचा मामा मला बहुतेक माहीत असणार, नैवाशात गुलाबावर आपल्याकडची माणसं बरीच आहेत पण सगळी एकमेकांना ओळखतात. मी तळ्याच्या दक्षिणेकडच्या रोडला असतो.

पहिलं म्हणजे दिवाळी विसर. इथलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि तीन टर्म असतात, पहिली एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, दुसरी एप्रिलअखेर ते जुलैअखेर, तिसरी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा तिसरा-चौथा आठवडा. मग नोव्हेंबर डिसेंबर सुट्टी. म्हणजे तुम्ही फटाके वाजवून याल तेव्हा शाळेला कुलूप आणि निम्मी मुलं गावी आजीकडे. युरोपातले ग्रुप हेच करतात, त्यांना ऑगस्टमध्ये सुट्टी म्हणून ऑगस्टमध्ये येतात, मग शाळावाले बिचारे सुट्टीत मुलांना युनिफॉर्म घालून बोलावतात. पाहुण्यांना वाटतं शाळा चालू आहे.

मे मध्ये शाळा चालू असते पण मार्च ते मे इथला मोठा पाऊस. २०२४ ला तर पुरामुळे २९ एप्रिलला उघडायच्या शाळा १३ मे ला उघडल्या, आणि त्याच २९ एप्रिलला पहाटे माई माहियूजवळ पाण्याचा लोंढा येऊन चाळीसच्या वर माणसं गेली, हे नैरोबीहून नैवाशाला यायच्या खालच्या रस्त्यावरचं गाव आहे. तेव्हा जूनचा दुसरा आठवडा धरा. फक्त २५ जूनच्या आसपास नैरोबीत मुक्काम ठेवू नका, २०२४ ला करवाढीच्या फायनान्स बिलावरून पोरं पार संसदेत घुसली होती आणि २०२५ ला त्याच तारखेला परत मोर्चे निघाले. नैवाशात तसं शांत असतं. फेब्रुवारीत तर चुकूनही नको, व्हॅलेंटाईनचा माल जात असतो, मामा फोनसुद्धा उचलणार नाही.

स्वेटर आणा. विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर आहे म्हणून लोक बर्मुडा घालून येतात, पण आम्ही १९०० मीटरच्या आसपास आहोत, जूनच्या सकाळी कुडकुडायला होतं.

व्हिसा आता नाही, जानेवारी २०२४ पासून ऑनलाईन ई-टीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) काढायचा, साधारण ३० डॉलर. पण नीट वाचा पुढचं. शाळा बघायला आलो, मुलांशी खेळलो, इथवर टुरिस्ट म्हणून चालतं. वर्ग घेणार, रंगकाम करणार म्हटलं की ते काम झालं, पगार असो नसो, आणि त्याला इमिग्रेशनचा स्पेशल पास लागतो, जो इथल्या संस्थेने तुमच्यासाठी काढायचा असतो. शिवाय हेडमास्तर बाईंचं तोंडी 'या' पुरत नाही. सरकारी शाळेला बोर्ड ऑफ मॅनेजमेंट असतं आणि वर सब-काउंटीचं (आपल्या तालुक्यासारखं) शिक्षण ऑफिस, दोघांचं पत्र घ्या. शिकवायला तर टीचर्स सर्व्हिस कमिशनकडे रजिस्टर असावं लागतं, त्यामुळे गणित-इंग्लिशचा वर्ग हा विषय मी तुमच्या जागी असतो तर काढूनच टाकला असता.

आता बोअर. थांबा जरा. हा सगळा रिफ्ट व्हॅलीचा पट्टा, खाली ज्वालामुखीचा खडक, जमिनीतल्या पाण्यात फ्लोराईड जबर. पिण्याच्या पाण्याला डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम आहे आणि इथल्या कितीतरी बोअर त्याच्या कैक पट वर जातात. तुम्ही शाळेत आलात की मुलं हसतील आणि तुम्हाला दिसेल की बऱ्याच जणांचे दात तपकिरी आहेत, डाग पडलेले. पाहुण्यांना वाटतं ब्रश करत नाहीत, मग पुढच्या वर्षी टूथब्रश वाटायला येतात, मी पाहिलंय हे. ब्रशने काही जात नाही ते, पाण्यातून आलंय, आणि जास्त वर्षं प्यायलं तर हाडं धरतात. आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे हीच भानगड आहे. तर पाणी तपासल्याशिवाय बोअर मारून देणं म्हणजे पैसे घालून दुखणं देणं. त्यापेक्षा पत्र्याच्या छताला पन्हळ लावून पावसाचं पाणी टाकीत घेणं कितीतरी बरं, त्यात फ्लोराईड नसतं. आणि बोअर आधीच असेल तर नाकुरूला कॅथलिक डायोसिसचा जुना पाणी प्रकल्प आहे, हाडांचा कोळसा करून त्याचे फिल्टर बनवतात, त्याने फ्लोराईड उतरतं. हाडं म्हटल्यावर नाक मुरडू नका, चालतो तो फिल्टर.

आकडेमोड

वाईट वाटून घेऊ नका पण हिशोब मांडतो. १३ माणसं गुणिले सव्वा लाख म्हणजे सव्वासोळा लाख रुपये.

केनियात ज्युनिअर स्कूलला (सातवी ते नववी) इंटर्न शिक्षक घेतात त्यांना महिन्याला २०,००० शिलिंग द्यायचे, कापून हातात त्याहून कमीच. शिलिंग साधारण ६५-६६ पैशांना धरला तर १३ हजार रुपये, वर्षाचे दीड लाखाच्या थोडे वर. म्हणजे तुमच्या पंधरा दिवसांच्या ट्रीपमध्ये दहा शिक्षकांचा वर्षाचा पगार बसतो. आणि शिक्षक नाहीत असं नाहीये तिथे, डीएड बीएड करून कमिशनकडे नाव नोंदवून बसलेली लाखो पोरं आहेत, सरकारकडे भरायला पैसा नाही इतकंच. २०२४ मध्ये तिथल्या कोर्टाने ही इंटर्न भरतीच घटनाबाह्य ठरवली, मग कायम करा म्हणून इंटर्न रस्त्यावर आले. अशा ठिकाणी पुण्याहून बीकॉमची पोरं जाऊन गणित शिकवणार? बेकार शिक्षक गेटबाहेर उभा राहून बघणार?

सरकारी प्रायमरीला एका मुलामागे वर्षाला १,४२० शिलिंग ग्रँट आहे म्हणे, म्हणजे आपले नऊशे-साडेनऊशे रुपये. तुमच्या एकाच्या विमान तिकिटात किती मुलं बसतात ते तुम्हीच काढा.

फिरायला जायचंय तर खुशाल जा, नैवाशा सुंदर आहे, हेल्स गेट नॅशनल पार्कमध्ये सायकल चालवता येते. पण मग स्पॉन्सर कशाला? सेवा हे नाव त्याला नका देऊ.

तळेगावचा_पोरगा

आकडेमोड दादा, हिशोब बरोबर आहे पण ते सव्वासोळा लाख आमच्याकडे पडलेत आणि ते आम्ही शिक्षकांना द्यायच्या ऐवजी विमानात घालतोय असं नाहीये ना. पोरं जाणार म्हणून पैसे काढतायत, नुसतं पाठवा म्हटलं तर माझ्यासकट कुणी पाच हजारच्या वर काढणार नाही, खरं बोलतो. आणि असं बघायला गेलं तर मग कुणी कुठे जायचंच नाही का?

गुलाबवाला दादा, खूप खूप धन्यवाद, फ्लोराईडचं तर आम्हाला स्वप्नातही नव्हतं. स्पॉन्सरला बोअरचाच फोटो दाखवून बसलोय आम्ही :(

सातपुड्याचा_मास्तर

मी नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी तालुक्यात झेडपी शिक्षक आहे. आफ्रिका पाहिलेली नाही, पण ज्या शाळेला लोक "भेट" द्यायला येतात त्या शाळेत बसून मला बरीच वर्षं झाली, तेव्हा गेटच्या आतल्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

फोन येतो, सर रविवारी येतोय. रविवारी मुलं नसतात म्हटलं तर बोलवा ना सर. पाहुणे अकराला येणार म्हणतात, घाटात गाडी लागते, उलट्या होतात, दीड वाजता पोचतात. मुलं नऊपासून लाईनीत. स्वागतगीत, बॅनर, बॅनरवर मुलांपेक्षा देणाऱ्यांची नावं मोठी. दप्तरं वाटतात, गेल्या ग्रुपने दिलेली दप्तरं आम्ही आदल्या दिवशी आत ठेवायला सांगितलेली असतात कारण नवीन लोकांना वाईट वाटू नये. भिंती तर विचारू नका. एकाच भिंतीवर आधी फुलपाखरू, मग त्यावर मिकी माऊस, मग त्यावर कुणा कंपनीचा लोगो, आणि गळतं ते छताला, भिंतीला नाही. छत कुणी करत नाही कारण छताचा फोटो चांगला येत नाही.

तरीपण येऊ नका असं मी कधी म्हणणार नाही, आकडेमोड सरांशी इथे माझं पटत नाही. डोंगरातल्या मुलाला बाहेरचा माणूस दिसणं, त्याच्याशी बोलता येणं, त्याने आपल्याला काहीतरी विचारणं, याला किंमत आहे. एकदा नाशिकची इंजिनिअरिंगची पोरं आली होती, त्यांनी महिनाभर आधी फोन करून विचारलं सर काय बंद आहे. म्हटलं सोलरचा इन्व्हर्टर. ते आले, दुरुस्त केला, आणि महत्त्वाचं म्हणजे मला आणि आठवीच्या दोन मुलांना शेजारी बसवून शिकवलं, तो अजून चालतोय. त्यांच्यातली एक मुलगी काहीच न करता पोरींबरोबर बसून पावरी गाणी शिकत होती. दप्तरं कुणी दिली ते मुलांना आठवत नाही, ती ताई कधी येणार हे अजून विचारतात.

शिकवायचंच डोक्यात असेल तर एक माहिती. आपल्याकडे 'प्रथम'ची असर पाहणी होते ना, गावात जाऊन मुलाला दुसरीचा परिच्छेद वाचता येतो का बघतात, ती बघून केनिया-टांझानिया-युगांडात २००९ पासून 'उवेझो' नावाने तसंच सुरू झालं. म्हणजे मुलं पाचवीत आहेत आणि वाचता येत नाही हे दुखणं तिकडेही आपल्यासारखंच. त्यावर पंधरा दिवसांत पाहुण्याने काही होत नाही, पण गोष्टीची पुस्तकं होतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' साईटवर स्वाहिली गोष्टी फुकट आहेत, छापून नेता येतात. इंग्लिश पुस्तकांचे गठ्ठे इथून नेऊ नका, त्यांच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं वेगळी असतात आणि ती सरकार देतं.

आणि एक सुचतंय. मामा आधी मावळात पॉलीहाऊसवर होता म्हणालास. मग मावळात पॉलीहाऊसवर कामाला येणाऱ्यांची मुलं कुठल्यातरी झेडपी शाळेत असणारच की. त्या शाळेला आणि त्या नैवाशाच्या शाळेला जोडून द्या. तिकडच्या मुलांचे आईबाप गुलाब खुडतात, इकडच्यांचेही तेच. चित्रं, पत्रं, दोन ओळी इंग्लिशमधून, नाही आलं तर मराठीतून लिहून तुम्ही खाली भाषांतर करा. तुम्ही पोस्टमन म्हणून जा. तुम्ही परत आल्यावरही हे चालू राहू शकतं, रंगकाम नाही राहत.

डॉ_जुई

फक्त तब्येतीचं लिहिते, बाकी तज्ज्ञ बोलतच आहेत.

यलो फीव्हरची लस सगळ्यांना लागणार, यात सूट नाही. केनिया यलो फीव्हरच्या यादीत आहे आणि परत येताना भारतात सर्टिफिकेट मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईन करू शकतात, एअरपोर्टवर रडून उपयोग होत नाही. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते सर्टिफिकेट लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावू नका. कुठल्याही खाजगी दवाखान्यात मिळेल असं नाही, केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या सेंटरवरच, पासपोर्ट घेऊन, आणि एका बाटलीत बरेच डोस असतात म्हणून सेंटर ठरलेल्या वारीच देतात, १३ जणांची अपॉइंटमेंट एकत्र मिळेलच असं नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. अंड्याची जबरदस्त अ‍ॅलर्जी, प्रेग्नन्सी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

मलेरियाचं म्हणाल तर नैरोबी-नैवाशा उंचावर असल्यामुळे तिथे धोका कमी, पण पोरं तेवढ्यावर थांबत नाहीत, मोंबासाचा समुद्र नाहीतर किसुमूचं व्हिक्टोरिया सरोवर बघून येऊ म्हणतात, आणि तिथे भरपूर मलेरिया आहे, तोही फाल्सिपॅरम, डोक्यात जाणारा. तिकडे जाणार असाल तर आधीपासून गोळ्या सुरू कराव्या लागतात, कुठल्या ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, इथे विचारू नका. आणि परत आल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर पहिल्या वाक्यात "मी केनियाला गेलो होतो" हे सांगायचं. टायफॉईड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात बघून घ्या. आईला सांग, सिंहापेक्षा रात्रीचा हायवे वाईट, अंधार पडल्यावर गाडी काढू नका.

नैरोबीची_माहेरवाशीण

मी मूळ गोव्याची, वाढले नैरोबीत, आता मडगावला असते, मराठी वाचून वाचून आली आहे, चुका काढू नका हां.

आपल्या लोकांना वाटतं आफ्रिकेत शाळेसाठी काहीतरी करायला आपण आता निघालो. १९०० साली रोझेंडो रिबेरो नावाचे गोंयकार डॉक्टर नैरोबीला पोचले, तेव्हा तिथे रेल्वेचे तंबू होते नुसते. झेब्रा माणसाळवला होता त्यांनी, त्याच्यावर बसून पेशंट बघायला जायचे, फोटो आहे त्याचा. पुढे त्यांच्या देणगीवर गोवन मुलांची शाळा उभी राहिली, त्यांच्याच नावाने. छान गोष्ट आहे ना? पण तिचा दुसरा भाग असा की इंग्रजांच्या काळात शाळा रंगावर वाटलेल्या होत्या, गोऱ्यांच्या वेगळ्या, एशियन मुलांच्या वेगळ्या, आफ्रिकन मुलांच्या वेगळ्या, आणि आमच्या लोकांनी बांधलेल्या शाळांत शेजारच्या आफ्रिकन मुलाला जागा नव्हती. १९६३ ला स्वातंत्र्य आलं तेव्हा कुठे ते चित्र बदललं. हे तिथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. तुम्हाला बघून मुलं "मुहिंदी, मुहिंदी" (म्हणजे भारतीय) ओरडतील, हसतील, त्यात राग नाही, पण त्यांच्यासाठी मुहिंदी म्हणजे दुकानाचा मालक, फॅक्टरीचा मालक, नैवाशात बहुतेक फार्मचा मॅनेजर. म्हणजे ज्या मुलांना भेटणार त्यांच्या आईचा सुपरवायझर तुमचा मामा असू शकतो! मग तिथे "काही प्रॉब्लेम आहे का" विचारलं तर कोण खरं सांगणार. मामाला बरोबर घेऊन शाळेत फिरू नका, एवढं माझं ऐका.

कपडे अजिबात नेऊ नका. जुन्या कपड्यांना तिथे मितुंबा म्हणतात, युरोप-अमेरिकेतून गठ्ठेच्या गठ्ठे येतात, गिकोम्बा मार्केटला चांगली जीन्स स्वस्तात मिळते, आणि त्या धंद्यावर कितीतरी बायकांचं घर चालतं. तुमचा वापरलेला टीशर्ट कुणाला नको आहे. द्यायचंच तर तिथून विकत घ्या, युनिफॉर्मचा स्वेटर नैवाशातल्या शिंपिणीकडून शिवून घ्या, पुस्तकं नैरोबीला टेक्स्ट बुक सेंटरमधून घ्या. प्लास्टिकच्या पिशव्या बॅगेत टाकू नका, २०१७ पासून बंदी आहे आणि आपल्यासारखी नावाची नाही, दंड मोठा आहे, एअरपोर्टवरही काढून घेतात.

फोटो. हे मोठ्या अक्षरात वाचा. तिथे २०१९ चा डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, मुलांचा फोटो आईवडिलांच्या परवानगीशिवाय टाकता येत नाही. २०२३ मध्ये एका शाळेला याच कारणासाठी पंचेचाळीस लाख शिलिंगच्या वर दंड झाला. तुमच्या स्पॉन्सरला फोटो हवे असतील ना, त्याला आत्ताच सांगून ठेवा की पाठमोरे मिळतील.

अजून एक, कुणी म्हणालं जवळच अनाथाश्रम आहे, चला दाखवतो, तर जाऊ नका. पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईबाप असलेली मुलं आणून ठेवण्याचे प्रकार इतके झाले की सरकारने नोव्हेंबर २०१७ पासून नवीन आश्रमांची नोंदणीच थांबवली.

पिठलंभाकरी

सगळं वाचलं, महत्त्वाचं राहिलं. ग्रुपमध्ये शाकाहारी किती? खायचं काय तिकडे?

गुलाबवाला

@पिठलंभाकरी हाल होत नाहीत. चपाती इथे सणासुदीचा आयटम आहे, चपाती म्हणूनच मागायची, तेल सोडून जाडसर करतात. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याबरोबर सुकुमा विकी नावाची पालेभाजी. शाळेत दुपारी बहुतेक गिथेरी असते, मका आणि घेवडा एकत्र उकडलेला, मुलांबरोबर तेच खा, मीठ कमी असतं. चहा दुधाचा आणि गोड, आपल्यासारखा.

शाळेतल्या जेवणाला घरून पैसे द्यावे लागतात हे मात्र लक्षात ठेवा, आपल्या खिचडीसारखं सगळीकडे सरकारी नाही. नैरोबीत काउंटीने मोठी किचन काढून पाच शिलिंगमध्ये ताट चालू केलंय, नैवाशा नाकुरू काउंटीत येतं, ती स्कीम इथे धरू नका. तुम्ही १३ जण जेवणार तर तुमचे पैसे आधी ऑफिसात भरा, नाहीतर मुलांच्या पातेल्यातलं जातं.

आकडेमोड

मास्तरांचं पोस्टमनचं पटलं. पण त्याला १३ माणसं लागत नाहीत, चार पुरतात.

तळेगावचा_पोरगा

काल रात्री ग्रुपची मीटिंग झाली, दोन तास भांडणं. इथले रिप्लाय मोबाईलवर वाचून दाखवले. तिघं म्हणाले मग आम्ही कशाला येऊ, रंगवायचं नाही शिकवायचं नाही तर पंधरा दिवस करायचं काय, ते बहुतेक गळतील. एकीला तर आकडेमोड दादांचा इतका राग आलाय की ती इथे अकाउंट काढणार आहे, सांभाळा.

ठरलं ते असं. जूनमध्ये जायचं, सात किंवा आठ जण, आठवडाभरच, त्यातले चार दिवस शाळेत. वर्ग घ्यायचे नाहीत. आंदर मावळाच्या तोंडाशी एक झेडपी शाळा आहे, तिथल्या बाईंना विचारलं, पॉलीहाऊसवर कामाला येणाऱ्या बिहार-मराठवाड्याकडच्या लोकांची मुलं आहेत त्यांच्याकडे, त्या लगेच हो म्हणाल्या, पत्र लिहायला पोस्टकार्ड कुठे मिळतं हेच आता कुणाला माहीत नाही एवढाच प्रश्न आहे. आयटीवाल्यांनी मामाकडून शाळेतल्या कॉम्प्युटरची चौकशी केली, सरकारने दिलेले टॅबलेट आहेत म्हणे पण बरेच चार्ज होत नाहीत, ते काय करता येईल ते बघणार. कपडे कॅन्सल. स्पॉन्सरला बोअरऐवजी पन्हळ आणि टाकी सांगितली, त्याचा चेहरा पडला, टाकीवर नाव घालता येईल का विचारतोय.

दोन शंका. स्पेशल पास या असल्या भेटीला पण लागेल का? आणि टाकीचे पैसे कुणाला द्यायचे, मामाच्या हातात की हेडमास्तर बाईंच्या?

गुलाबवाला

नुसती भेट, पत्रं, गोष्टी वाचणं एवढंच असेल तर मला वाटतं ई-टीएवर भागेल, पण टॅबलेट उघडून दुरुस्त करणार म्हणजे परत कामाकडे जातं, तेव्हा शाळेच्या पत्रात काय काय करणार ते स्पष्ट लिहून घ्या आणि ते पत्र इमिग्रेशनला ईमेल करून लेखी उत्तर मागवा. माझ्यावर किंवा मामावर विसंबून येऊ नका.

पैसे दोघांच्याही हातात नाही. शाळेच्या बोर्ड ऑफ मॅनेजमेंटच्या खात्यावर, आणि त्यांच्या मीटिंगमध्ये ठराव झाल्यावर. नाव टाकीवर घातलं तर घालू दे, उन्हाने दोन वर्षांत उडतं.

टाकी इथूनच घ्यायची, नैवाशात मिळते. मामाला एक काम सांग, छताची लांबी मोजून ठेव म्हणावं म्हणजे पन्हळ किती फूट लागेल कळेल, आणि छत साध्या पत्र्याचं आहे की जुन्या अ‍ॅस्बेस्टॉसचं ते आधी बघ. इथे २००६ ला बंदी आली तरी जुन्या शाळांवर अजून आहे ते, आणि तसं असेल तर त्यावरचं पाणी प्यायला साठवायचं नाही, आधी पत्रे बदलायचा खर्च धरावा लागेल. फोटो काढून इथे टाक, छताचे चालतात.

सातपुड्याचा_मास्तर

पोस्टकार्डं तळेगावच्या पोस्टात मिळतील, पण ती भारतापुरतीच. तुम्ही हातानेच नेणार आहात ना, मग साधे रेघी कागद द्या मुलांना, मोठे. पोस्टकार्डावर मुलांना चित्र काढायला जागा पुरत नाही.